गर्भिणीचे ताट

ग्रहणाचे वेध लागले की गर्भिणीला ज्या खोलीत बसवीत, तेथील विळी, कात्री, सुई आणि अडकित्ता ही सारी हत्यारे तिच्या दृष्टीआड नेऊन ठेवण्याची रीत घाटावर आणि कोकणात, वाड्यांत आणि खोपटांत, जवळजवळ सारख्याच कसोशीने पाळली जात असे. तिने काही चिरू नये, शिवू नये, मुडपू नये, अंग खाजवू नये, हातपाय आखडून निजू नये, पाण्याचा घोटही घेऊ नये. दारेखिडक्यांच्या फटी कापडाने बुजवलेल्या असाव्यात. आणि रस्त्यावरची 'दे दान, सुटे गिराण' ही आरोळी थांबून मोक्षाचे स्नान होईपर्यंत तिने देवाचे नाव घेत एका जागी बसून राहावे, असा दंडक होता. हा सारा खटाटोप पोटातल्या जिवासाठी होता आणि त्यामागची माया खोटी नव्हती. परंतु पुढे दुभंगलेल्या ओठाचे, फाटक्या कानाचे किंवा वळलेल्या पावलाचे मूल जन्मास आले, म्हणजे त्याच मायेची तहकीकात होई, आणि ओल्या बाळंतिणीपुढे पहिला प्रश्न येई तो 'ग्रहणात काय चिरलेस?' हा. नऊ महिन्यांचा काळ मोठा असतो. आठवून आठवून तिला एखादी मोडलेली काडी, एखादे तोडलेले दोऱ्याचे टोक सापडेच, आणि आयुष्यभर पुरेल एवढा अपराध तिच्या पदरात पडे.

22 जानेवारी 1898 रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया आपल्या मुलखावरून गेली, तेव्हा करमाळ्याजवळच्या जेऊर गावी अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल आणि पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला आपापल्या दुर्बिणी रोखून उभे होते. सूर्याच्या प्रभामंडलाची छायाचित्रे घेण्यासाठी सातासमुद्रापलीकडून माणसे आली होती; आणि त्याच घटकेस त्याच माळावरच्या घरांतून कितीतरी पोटुश्या बायका दारे लावून श्वास रोखून बसल्या असतील. सूर्याचे गूढ उकलण्याची तजवीज त्या काळी झाली होती. त्या बायकांच्या उदरातील गूढाची चौकशी करण्यास मात्र अजून कोणी निघाले नव्हते.

तशी चौकशी आपल्या जुन्या वैद्यांनी केलीच नव्हती असे नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात विकृत अपत्याची कारणे सांगताना बीजाचा दोष, पूर्वकर्म, गर्भाशयाचा दोष, काळाचा दोष आणि मातेच्या आहारविहाराचा दोष अशी ती वेगवेगळी मांडली आहेत. बीजाचा जो भाग बिघडलेला असेल त्यापासून होणारा अवयव विकृत होतो, असेही तेथे म्हटले आहे. पित्याच्या बीजालाही या हिशेबात जागा आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. सुश्रुताने तर गर्भिणीच्या डोहाळ्यांकडे दुर्लक्ष केल्यास मूल कुबडे, लुळे, लंगडे, जड, ठेंगू किंवा अंध निपजते असा इशारा देऊन तिला जे हवे ते द्यावे असे सांगितले. हा कार्यकारणभाव आज कोणी मान्य करणार नाही. पण त्याचा रोख पाहावा. येथे दोष स्त्रीच्या हातून घडणाऱ्या आगळिकीकडे जात नाही, तिला हवे ते न देणाऱ्या घराकडे जातो. ग्रंथांत एवढी ऐसपैस विचारणा असताना रूढीने पुढे त्यातून नेमके काय उचलले आणि काय टाकले, हे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. बीज गेले, काळ गेला, पित्याचा वाटा गेला. उरली ती फक्त बाई आणि तिच्या हातातील विळी. डोहाळे उरले खरे, पण सातव्या महिन्यातल्या ओटीभरणापुरते, चंद्रकळा नेसवून झोपाळ्यावर बसवण्यापुरते. त्या आधीच्या सहा महिन्यांत तिच्या ताटात काय पडत होते, याची नोंद कोणत्याही घरच्या दप्तरात नाही.

युरोपातील वैद्यकही विसाव्या शतकाच्या आरंभी याहून फार पुढे होते असे मानण्याचे कारण नाही. आनुवंशाचे नियम नुकते हाती आले होते, आणि जन्मतः येणारे व्यंग बीजातूनच येते, मातेच्या उदरात गर्भ बाह्य जगापासून पूर्ण सुरक्षित असतो, असा तेथील विद्वानांचा ठाम ग्रह झाला होता. या ग्रहाला पहिला मोठा तडा गेला तो एका डुकरिणीच्या गोठ्यात. टेक्सासच्या शेतकी संशोधन केंद्रातील फ्रेड हेल याने 1933 साली असे प्रसिद्ध केले की, 'अ' जीवनसत्त्व नसलेल्या खाद्यावर ठेवलेल्या डुकरिणीला झालेल्या अकराच्या अकरा पिलांना डोळ्यांची बुबुळेच नव्हती. वाण तेच होते, बीज निर्दोष होते. उणे होते ते खाद्यात. हेलचा हा शोध गाजला, आणि तो योग्यच होता. परंतु त्यापूर्वी पाच वर्षे, आपल्या मुंबईत, परळमध्ये, गर्भिणीच्या ताटाकडे कोणीतरी शास्त्राच्या नजरेने पाहण्यास आरंभ केला होता, आणि ती हकीकत आपल्याकडे जितकी ठाऊक असावी तितकी नाही.

त्या परळचे चित्र डोळ्यांपुढे आणावयास हवे. गव्हर्नरांच्या जुन्या निवासस्थानात प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा होती आणि 1925 पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले होते; 1926 साली त्याच टापूत के.ई.एम. रुग्णालय आणि नवरोजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले होते. आणि सभोवार गिरण्यांच्या चिमण्या होत्या. रिळिंग आणि वायंडिंगच्या खात्यांत हजारो बायका काम करीत. त्यांतल्या बहुतेक कोकणातल्या आणि देशावरच्या. भोंग्याआधी उठून चुलीवर भाकरी टाकायची, चाळीच्या एका खोलीत दाटीने राहणाऱ्या बिऱ्हाडाचे पाणी भरायचे, खात्यावरच्या नायकिणीची, म्हणजे मुकादम बाईची, मर्जी सांभाळीत दिवसभर उभे राहायचे, आणि तान्हे मूल मागे ठेवायचे असेल तर ते निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी द्यायची, असा तो क्रम होता. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी 1922 साली या कामगार स्त्रियांच्या बाळंतपणांची जी पाहणी केली, तीत बाळगोळीची ही कैफियत तपशिलाने आली आहे. 1928 साली तर गिरणगावात एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सार्वत्रिक संप चालला, आणि ज्या घरांत आधीच भाकरीला कोरड्यास पुरत नव्हते तेथे भाकरीचीही वानवा झाली. त्याच वर्षी 28 जुलै रोजी मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात प्रसूती साहाय्याच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतिपूर्व काळात मातेला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे असे प्रतिपादन केले, आणि पुढल्या वर्षी तो कायदा झाला. गर्भिणी ही घरातल्या चार भिंतींपुरती बाब नसून सरकारदरबारी जाब विचारण्याची बाब आहे, हे आपल्या देशात इतक्या स्पष्टपणे प्रथमच मान्य झाले.

याच 1928 साली लूसी विल्स ही चाळिशीची इंग्रज डॉक्टर हाफकिनमध्ये दाखल झाली. तिने केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला होता, महायुद्धाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत शुश्रूषेचे काम केले होते, आणि त्यानंतर लंडनला वैद्यक शिकून 1920 साली पदवी घेतली होती. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या पुढाकाराने मातांच्या मृत्यूंची जी चौकशी चालू होती, तीत गर्भिणींना होणाऱ्या एका घातक पांडुरोगाचा छडा लावण्याचे काम तिच्याकडे आले. या रोगात बाई पांढरीफटक पडे, अन्नावरची वासना जाई, पायांवर सूज येई, आणि बाळंतपणाच्या सुमारास कित्येकजणी दगावत. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहिले तर तांबड्या पेशी संख्येने अगदी थोड्या पण आकाराने फुगलेल्या दिसत. म्हणजे लोहाच्या उणिवेने होणारा नेहमीचा रक्तक्षय हा नव्हे.

विल्सने आरंभ केला तो मात्र सूक्ष्मदर्शकापासून नव्हे. मेहता आणि तळपदे या आपल्या सहकाऱ्यांबरोबर तिने मुंबईच्या निरनिराळ्या थरांतील स्त्रियांची राहणी आणि आहार यांची पाहणी केली: कोणत्या घरात कोणते धान्य येते, डाळ किती पडते, भाजी, दूध, फळ, मांस यांतले काय आणि किती वेळा मिळते, हवा आणि उजेड किती आहे. तिला आढळले ते असे की, ज्या स्त्रियांचा आहार सर्वांत निकृष्ट त्यांनाच हा पांडुरोग सर्वांत अधिक. आणि मुंबईत त्या वेळी ही स्थिती विशेषेकरून गरीब मुसलमान वस्तीतील, पडद्यात राहणाऱ्या बायकांची होती. पिढ्यानपिढ्या गर्भिणीला 'काय केलेस?' एवढेच विचारले गेले होते. येथे 'काय खायला मिळते?' हे विचारले गेले, आणि उत्तर लिहून ठेवले गेले. या दोन प्रश्नांतले अंतर मला त्या प्रयोगशाळेतील कोणत्याही उपकरणापेक्षा मोठे वाटते.

पुढचे काम चिवट होते. मुंबईच्या त्या गरीब स्त्रियांचाच आहार तिने उंदरांना घालून पाहिला; पण उंदरांच्या अंगावरील उवांतून आलेल्या दुसऱ्याच संसर्गाने त्या प्रयोगाचे निष्कर्ष डळमळीत झाले. मग तिने माकडांकडे मोर्चा वळवला, मध्यंतरी काही महिने कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत काढले, मद्रासच्या स्त्रियांच्या रुग्णालयातही काम केले. 'अ' आणि 'क' ही जीवनसत्त्वे देऊन काही साधले नाही. तेव्हा एका फार खालावलेल्या माकडाला तिने मार्माइट चाटवले. मद्याच्या भट्टीत उरणाऱ्या यीस्टचा हा काळपट, खारट अर्क इंग्रज लोक पावाला लावून खात, आणि तो स्वस्त होता. माकड सुधारले. मग तोच अर्क रुग्ण स्त्रियांना दिला गेला. काही दिवसांतच त्यांची भूक परतू लागली, रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, आणि ज्यांची आशा सोडली होती त्या उठून बसू लागल्या. 1931 साली तिने ही हकीकत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केली. अर्कात नेमके काय होते हे तिला त्या वेळी सांगता येण्यासारखे नव्हते. म्हणून कित्येक वर्षे ते द्रव्य 'विल्स घटक' याच नावाने ओळखले गेले.

त्या द्रव्याचा ठाव लागण्यास दहा वर्षे गेली. 1941 साली टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी चार टन पालकातून त्याचा अल्पसा अंश वेगळा काढला आणि त्याला फॉलिक आम्ल हे नाव दिले. आणि 1940 च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत, आपल्या आंध्रातील येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील चमूने ते कृत्रिम रीतीने तयार केले. रक्त वाढवणारे औषध म्हणून त्याची ख्याती झाली. परंतु त्याची दुसरी बाजू, जिच्यासाठी मी ही सारी वाट चालून आलो, ती अजून अंधारातच होती.

सुब्बारावांच्याच चमूने फॉलिक आम्लाला मारक असे अमिनोप्टेरिन हे औषध बनवले होते, आणि ते रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाई. 1950 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत ते गर्भपातासाठी वापरून पाहण्यात आले, तेव्हा गर्भ मेलेच असे नव्हे. काही गर्भांत भयंकर व्यंगे निर्माण झाली. कॅलिफोर्नियात फॉलिक आम्लावाचून ठेवलेल्या उंदरिणींची पिलेही विकृत निपजत होती. हे दुवे जोडून पाहिले ते इंग्लंडातील एलिझाबेथ हिबर्ड आणि रिचर्ड स्मिथेल्स यांनी. 1965 साली त्यांनी लिव्हरपूलहून असे मांडले की, ज्या स्त्रियांना दुभंगलेल्या कण्याची किंवा कवटीवाचूनची मुले झाली, त्यांच्या शरीरात फॉलिक आम्लाचा वापर नीट होत नसल्याच्या खुणा इतर स्त्रियांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतात. लूसी विल्स त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल 1964 मध्ये, वारली होती.

येथे थोडे थांबून गर्भाच्या पहिल्या महिन्यात काय घडते ते सांगणे अवश्य आहे, कारण या साऱ्या इतिहासाचे मर्म तेथे आहे. गर्भाच्या पाठीवर पेशींचे एक सपाट पान असते. त्या पानाच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात, मध्यभागी जुळतात, आणि मग पुढे डोक्याकडे व मागे शेपटाकडे ती जोडणी सरकत जाऊन एक बंद नळी तयार होते. हीच मज्जानलिका, आणि मेंदू व मज्जारज्जू तिच्यातून घडतात. वरचे तोंड उघडे राहिले तर मेंदू आणि कवटी घडत नाही, आणि ते मूल जगत नाही. खालचे उघडे राहिले तर कणा दुभंगलेला राहतो. मूल जगते, पण पाय लुळे पडतात, लघवीवर ताबा राहत नाही, पुष्कळदा डोक्यात पाणी साठते. ही नळी गर्भधारणेपासून अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आत मिटलेली असावी लागते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम पंधरवडा झालेला असतो; पुष्कळ बायकांना दिवस गेल्याची शंकाही आलेली नसते. या मुदतीत पेशी अतिवेगाने विभागत असतात आणि त्या विभागणीस फॉलिक आम्ल लागते. सातव्या महिन्यातले डोहाळजेवण, आठव्या महिन्यात मिळणारी कायद्याची रजा, ग्रहणातला पहारा, यांतले काहीही त्या अठ्ठावीस दिवसांपर्यंत पोहोचत नाही.

स्मिथेल्सने 1980 साली आणखी पुढचे पाऊल टाकले. ज्यांना पूर्वी असे मूल झाले होते त्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्लासह जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या असता, पुन्हा तसे मूल होण्याचे प्रमाण 5 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या आत आले. पण ज्यांना गोळ्या दिल्या आणि ज्यांना दिल्या नाहीत त्यांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. म्हणून शंका घेणारे पुष्कळ निघाले. वाद मिटवण्यासाठी ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषदेने निकोलस वॉल्ड यांच्या देखरेखीखाली 7 देशांतील 33 केंद्रांत 1817 स्त्रियांवर रीतसर प्रयोग मांडला. 1991 साली तो मुदतीआधीच थांबवावा लागला, कारण निकाल इतका स्वच्छ होता की फॉलिक आम्ल न देणे हाच अन्याय ठरला असता: 27 मुलांत किंवा गर्भांत हे व्यंग आढळले, त्यांपैकी फॉलिक आम्ल घेणाऱ्यांच्या गटातील होते 6, आणि न घेणाऱ्यांच्या गटातील 21. जन्मजात व्यंग टाळता येते, आणि तेही चार पैशांच्या गोळीने, हे इतक्या निःसंदिग्धपणे तोवर क्वचितच सिद्ध झाले होते.

इतर कारणांचे शोधही याच काळात लागले. त्यांची सारी कथा येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. 1941 साली सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या तान्ह्या मुलांचे मूळ मातेला गर्भारपणी झालेल्या जर्मन गोवरात शोधले, तेव्हा त्यांना धागा मिळाला होता तो दवाखान्यात बसलेल्या मातांच्या आपसातल्या बोलण्यातून. थॅलिडोमाइडच्या गोळीने हातापायांवाचून जन्मलेली मुलेही आपल्या आजोबा-पणजोबांचे बीज भोगत नव्हती, हे 1961 च्या अखेरीस जगाला कळले. आपल्या बाजूला मामेबहिणीशी लग्न लावण्याची जी चाल आहे तिच्यानेही जन्मजात दोषांची शक्यता साधारण दुप्पट होते. चरकाचा बीजदोष येथे उभा राहतो, आणि त्याचे दोन भागीदार असतात.

मात्र एक सावधगिरी मी मनापासून मागतो. कित्येक व्यंगांचे कारण आजही सापडत नाही. दुभंगलेला ओठ अनेक बारीकसारीक कारणांच्या मेळातून येतो. आणि पोटभर पालेभाजी, कडधान्ये, शेंगदाणे खाणाऱ्या मातेलाही असे मूल होऊ शकते. तेव्हा 'ग्रहणात काय चिरलेस?' या प्रश्नाच्या जागी उद्या 'गोळ्या का घेतल्या नाहीस?' हा प्रश्न त्याच सुरात, त्याच ओल्या बाळंतिणीला विचारला गेला, तर केवळ पंचांग बदलले, खटला तोच राहिला, असे होईल. विल्सने परळच्या पाहणीत बाईचा गुन्हा शोधला नव्हता; धान्य, डाळ, उजेड आणि हवा यांचा हिशेब मागितला होता, आणि तो हिशेब देण्याची जबाबदारी बाईवर नव्हती.

अमेरिकेने 1998 पासून गिरणीत दळल्या जाणाऱ्या पिठात फॉलिक आम्ल मिसळणे सक्तीचे केले, आणि तेथे या व्यंगांचा चौथा ते तिसरा हिस्सा घटला. आपल्याकडे ज्वारी-बाजरीचा डबा गल्लीतल्या चक्कीवर जातो आणि घरचेच दळण घरी परत येते. तेथे सरकारचा हात पोहोचणे कठीण. म्हणून शिधावाटपाच्या तांदळात ते मिसळण्याचा मार्ग काढण्यात आला, शाळेतील मुलींना आठवड्याला एक निळी लोह-फॉलिकची गोळी देण्याची योजना 2012 नंतर सुरू झाली, आणि गर्भिणीला तांबडी गोळी मिळते ती नावनोंदणी झाल्यावर. शाळा सुटल्यापासून ती नोंदणी होईपर्यंतच्या काळात मुलीचे लग्न होते, सासर बदलते, आणि ते अठ्ठावीस दिवस बहुधा त्याच काळात येऊन जातात. कागदावर या वयाच्या सर्व स्त्रियांसाठीही आठवड्याच्या गोळीची तरतूद आहे. ती आशाताईंच्या पिशवीतून नव्या नवरीच्या हातात, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच, कोणी मागण्याची वाट न पाहता पडली पाहिजे, आणि ती कशासाठी आहे हे नवऱ्याच्याही कानावर घातले गेले पाहिजे.